मोहाखालचं रिंगण

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या गावाच्या हवेत एक जडसर गोड वास भरतो. पहाटे तो सगळ्यांत दाट असतो. खिडक्या लावून घेतल्या तरी फटींतून आत येतो, उशीच्या अभ्र्यात बसतो, दुधाच्या पातेल्यावर तरंगतो. नव्या माणसाला तो सोसत नाही. तुमची आई लग्नानंतर पहिल्यांदा इथे आली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच म्हणाली होती, ‘‘आई, घरात काही आंबलंय का?’’ मी म्हटलं, घरात नाही, जंगलात. मोह फुललाय.

ईरा, नील, तुमच्याकडे ऑकलंडला आता पानगळ सुरू झाली असेल. इथेही पानं गळताहेत. सागाची पानं रस्त्यावरून कागदासारखी खरखरत जातात, पळसाच्या काळ्या काटक्यांवर नुसती लाल फुलं उरलेली आहेत. तुमच्या आणि माझ्या अंगणात एका वेळी घडणारी ही एवढी एकच गोष्ट असावी. बाकी तुमचा दिवस तो माझ्या झोपेचा आणि तुमचा हिवाळा तो माझा पंख्याचा.

परवा ईराचा निरोप आला. तुम्ही दोघांनी सुट्टीत एक चित्रपट पाहिला. शहरातला एक माणूस सगळं सोडून जंगलातल्या डोंगरावर जातो आणि तिथे त्याच्या आत काहीतरी जागं होतं, असा. शेवटी आभारांची यादी सरकू लागली आणि नील ओरडला, ‘‘हे तर आजीचं नाव!’’ मग तुम्ही यादी थांबवून त्याचा फोटो काढलात आणि मला पाठवलात. ‘‘आजी, तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस. ते झाड खरं आहे? तू तिथे होतीस?’’

मी दुपारी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तो चित्रपट पाहिला. नऊ वर्षांपूर्वी बनला तेव्हा मी तो पाहिला नव्हता. मुद्दाम पाहिला नव्हता. खरं सांगते, फार सुंदर आहे. धुक्यातून डोंगराची कड हळूहळू उमटते तो भाग मी दोनदा पाहिला. ते धुकं कुठल्या डब्यातून निघालं होतं ते मला माहीत होतं, तरी पाहिला. आणि मग ते दृश्य येतं. मोठा मोह, एक पान नसलेला, मागे निळा डोंगर, खाली स्वच्छ झाडलेली माती. तो माणूस डोळे मिटून बसलेला. वरून पांढरी फुलं पडतात, एक, मग दोन, मग पाऊस. ईराने लिहिलंय की तिथे तिला रडू आलं.

मलाही आलं. पण मी त्या माणसाकडे बघतच नव्हते. मी त्या झाडलेल्या मातीकडे बघत होते. ती मी झाडली होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत दोन ओळींत देता आलं असतं. चौतीस वर्षं ती भाषा शिकवली, तेवढं नक्की येतं. पण या गोष्टीबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की वाक्यं फार नीट होतात, आणि तेव्हाही माझी चूक नीटपणाचीच होती. म्हणून मराठीत लिहिते. बाबा वाचून दाखवतील.

त्या वर्षी पौषात तुमचे आजोबा गेले. आम्ही दोघं चंद्रपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन पोंभुर्ण्याच्या आतल्या बाजूला, त्यांच्या मूळ गावी, हे घर बांधून राहिलो होतो. ते इथल्या मातीतले, मी बाहेरची. ते असेपर्यंत गाव त्यांच्यामार्फत माझ्यापर्यंत यायचं, ओट्यावर बसायचं, चहा प्यायचं. ते गेल्यावर तेराव्यापर्यंत माणसं आली. मग गव्हाची, हरभऱ्याची कामं निघाली, आणि माणसं येईनाशी झाली. त्यात कोणाचा दोष नव्हता.

मी वेळापत्रक केलं. पाचला उठणं, साडेपाचला चहा, सहाला झाडांना पाणी. कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. वेळापत्रकाने दिवस उभा राहतो, पण पहाट राहत नाही. चाळीस वर्षं पहाटे कोणीतरी शेजारी खोकलं होतं, चष्मा चाचपला होता, ‘‘उठलीस का?’’ असं विचारलं होतं. ते आवाज गेले की पाच ते सहा हा तास किती लांब असतो, ते तुम्हाला इतक्यात कळू नये.

अशा एका पहाटे फाटकाची कडी वाजली. बाहेर यशोदाबाई उभी. डोक्यावर रिकामी टोपली, हातात खराटा. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, नवरा कधीच गेलेला. तुमच्या आजोबांना ती लहानपणापासून ओळखायची, त्यांना ‘मधू’ म्हणणारी गावातली शेवटची व्यक्ती.

‘‘मॅडमबाई, घरात बसून काय करून राह्यल्या?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मंग काही नाई ते माह्यासंगं करा. चाला.’’

मी चप्पल घातली आणि निघाले. कुठे, हेही विचारलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी तिचे तीन मोह होते. ‘तिचे’ म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे. जंगलातली झाडं, पण कुठलं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. तिच्या सासूने वेचलेली ती तीन झाडं तिने वेचायची. मोहाचं फूल तोडत नाहीत. पहाटे ते आपणहून सुटतं. अंधारात झाडाखाली उभं राहिलं की टप्, टप् असा आवाज येतो, सावकाश मोठ्या थेंबांसारखा. उजाडलं की दिसतं, जमिनीवर मण्यांसारखी, आतून पोकळ, रसाने फुगलेली पिवळसर पांढरी फुलं. वाकायचं आणि दोन्ही हातांनी वेचायचं. दोन तासांत पाठीचं धनुष्य होतं.

‘‘बोलत राहा,’’ यशोदाबाईने पहिल्याच दिवशी बजावलं.

‘‘काय बोलू?’’

‘‘काही बी. वाकलेलं माणूस वाघाले जनावर वाटते. बोललं तं माणूस वाटते.’’

म्हणून मी बोलले. पौषापासून मी दुकानात, बँकेत, फोनवर लागेल तेवढंच बोलत होते. त्या झाडाखाली, वाघाला कळावं म्हणून, मी मोठमोठ्याने बोलायला लागले. आधी पाढे म्हटले. मग शाळेतल्या कविता. मग एके दिवशी दवाखान्यातली शेवटची रात्र सगळी सांगून टाकली, वाकून, हाताने फुलं वेचत, तिच्याकडे न बघता. ती पलीकडून नुसती ‘‘हो’’, ‘‘हो’’ म्हणत राहिली. सगळं सांगून झालं तेव्हा तिने माझ्या टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘रडता रडता बी माह्याहून जास्त वेचली तुमी. रोज रडत जा.’’

मी हसले. पौषानंतर पहिल्यांदा. हे लिहून ठेवते, कारण नंतर जे झालं त्याचं मोल यावरून कळेल.

तिची दोन झाडं लवकर गळायची, तिसरं उशिरा. ते तिसरं सगळ्यांत मोठं, एकटं, मागे मोकळा डोंगर. त्याची फुलं इतकी की तिचं निम्मं साल त्याच्यावर. शेती नव्हतीच. फुलं अंगणात वाळवायची, मनुक्यासारखी तांबडी झाली की कणगीत भरायची, आणि पावसाळ्यात, तळं भरून मासे हाताला लागत नाहीत तेव्हा, थोडी थोडी विकून तांदूळ आणायचा. थोडी उकडून, थोडी भाकरीत घालून खायची. ‘‘हे झाड नाई, माह्या सासूनं ठेवलेली कोठी आहे,’’ ती म्हणायची.

त्याच आठवड्यात चित्रपटवाले आले.

दिग्दर्शक तिशीतला मुलगा होता, दाढी राखलेला, फार सभ्य. गावात इंग्रजी बोलणारी एक बाई आहे हे कळल्यावर तो माझ्या ओट्यावर आला. चहा प्यायला. दुसऱ्या दिवशीही आला. तो मौनाबद्दल बोलायचा, माणसाच्या आतल्या अरण्याबद्दल बोलायचा. मी वर्षानुवर्षं न वापरलेले शब्द कपाटातून काढून झटकून वापरत होते. माझं म्हणणं तो वहीत टिपून घ्यायचा. एकट्या बाईचं म्हणणं कोणी टिपून घ्यावं यात काय नशा असते! त्याच्या गोष्टीतल्या माणसाला एकांत हवा होता, म्हणून तो डोंगरात आला होता. माझ्याकडे एकांत न मागता आलेला होता, आणि मी कोणालाही देऊन टाकायला तयार होते. पण हे मी त्याला सांगितलं नाही. मीही त्याच्यासारखंच बोलत राहिले.

त्याला ते मोठं झाड हवं होतं. मी म्हटलं, परवानगी घ्यावी लागेल, मी बघते. आणि मी बघितलं! अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या. वनखात्याच्या कार्यालयात गेले, ग्रामपंचायतीत गेले, शिक्के घेतले, फाईल केली. यशोदाबाईला वाटेत भेटले तेव्हा एवढंच म्हटलं, ‘‘मोठ्या झाडापाशी चार दिवस शूटिंग आहे, त्यांचं झालं की आपण जाऊच.’’ ती म्हणाली, ‘‘बरं.’’ त्या चार दिवसांत ते झाड गळायला लागलंच नसतं, म्हणजे तिचं नुकसान काहीच नव्हतं. मी सगळा विचार केला होता.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, झाडाखाली पालापाचोळा फार आहे, माती स्वच्छ दिसायला हवी. त्याची माणसं फावडी घेऊन आली. मला ते बघवेना, मुळं खरवडली जातील. मी घरून खराटा आणला आणि स्वतः झाडायला लागले. बुंध्यापासून बाहेर, गोल गोल, जिथवर फांद्या जातात तिथवर. यशोदाबाईने आपली दोन झाडं अशीच झाडताना मी पाहिलं होतं. बाकीचे लोक झाडलेला पाला तिथेच जाळतात, ती जाळत नसे, बुंधा भाजतो म्हणायची. मला वाटलं, चला, तिचंही काम हलकं होईल. दीड तास झाडलं. शेवटी सुंदर रिंगण झालं. मान वर केली तर वाटेवर यशोदाबाई उभी. मी हात हलवला. तिने रिंगणाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं, आणि ती वळून गेली. मला वाटलं, घाईत असेल.

चार दिवस शूटिंग चाललं. मोह अंधारात गळतो आणि कॅमेऱ्याला उजेड लागतो, म्हणून फुलांचा पाऊस दुपारी पाडायचा होता. त्यांनी बाजारातून ताजी फुलं आणली, दोन माणसं फांद्यांवर बसवली, आणि वरून ओंजळीने टाकायला लावली. तो नट खाली बसलेला. दृश्य जमलं नाही की फुलं गोळा करून पुन्हा वर. सगळं गाव बघायला जमलं होतं. एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, ‘‘मोहाले मोह वेचून देऊन राह्यले, आपून उगाच पहाटे उठतो गा.’’ हशा पिकला. नटाने डोळे मिटलेलेच ठेवले. माश्या घोंघावत होत्या, एक त्याच्या कानात गेली, तरी हलला नाही. त्याची मेहनत मी नाकारणार नाही.

चित्रपटवाले गेले. दिग्दर्शकाने जाताना माझ्या पायांना हात लावला. दुसऱ्या पहाटे मी फाटकाच्या कडीची वाट बघितली. वाजली नाही. तिसऱ्या पहाटेही नाही. चौथ्या दिवशी उजाडल्यावर मी एकटी डोंगराकडे गेले. मोठं झाड गळायला लागलं होतं. रिंगण भरून फुलं पडली होती, एकावर एक, पाय ठेवायला जागा नव्हती. यशोदाबाई मात्र नव्हती. आपल्या दोन झाडांखाली सुनेबरोबर, सुमनबरोबर, वेचत होती. मी हाक मारली. तिने मान हलवली, बस.

मला वाटलं, रागावली. त्या लोकांना झाडापाशी आणलं म्हणून. मी फुलांना हात लावला नाही. ती तिची होती. उद्या राग उतरेल, येईल. दुसऱ्या दिवशी फुलं तिथेच, काळपटलेली, त्यांच्यावर नवी. तिसऱ्या दिवशी गुरं शिरली. मग रात्री कधीतरी अस्वल येऊन गेलं, माती उकरलेली होती. आंबल्याचा वास दूरवर यायला लागला. मी रोज जायचे, रोज बघायचे, रोज हात न लावता परत यायचे. एक शब्द विचारायला तिच्या घरी जायला हवं होतं. चार मिनिटांची वाट. पण मनात म्हटलं, मी का जाऊ, मी तर तिचं काम केलं होतं. शिकलेल्या माणसाचा अभिमान असा साध्या कपड्यांत वावरतो, त्यामुळे ओळखू येत नाही.

बहर संपत आला तेव्हा सुमन फाटकाशी आली. आत यायला तयार नव्हती.

‘‘मॅडमबाई, एक इचारू? राग नका मानू.’’

‘‘विचार ना.’’

‘‘फुलं वेचाची नव्हती तं झाडलं काऊन?’’

मला कळेना. तिने पदर तोंडाशी धरला आणि मग एका दमात सांगून टाकलं. फाल्गुनात मोहाखाली जो झाडतो, त्या साली ते झाड त्याचं. तोंडाने काही सांगायचं नसतं, कागद नसतो, खुणेचा दगड-चुना काही नसतो. झाडलेलं रिंगण दिसलं की दुसऱ्याने त्यात पाऊल टाकायचं नाही, फुलं कुजली तरी नाही. माहेरी गेलेल्या पोरीचं झाड, आजारी माणसाचं झाड, त्याच्यासाठी त्याच्या घरचं कोणी झाडून ठेवतं. इथल्या चार वर्षांच्या लेकराला हे माहीत आहे.

‘‘आत्या म्हणे,’’ सुमन सासूला आत्या म्हणते, ‘‘मॅडमबाईनं झाड घेतलं. मधू गेला, एकटी बाई आहे, तिले लागत असन. वेचू दे. अन तुमी तं ढोराले चारून राह्यल्या.’’

मी तशीच, स्वयंपाकघरातला गॅसही न बघता, तळ्याकडे गेले. यशोदाबाई पाळीवर बसून जाळ्यातली लहान मासळी सोडवत होती.

‘‘यशोदाबाई, मला माहीत नव्हतं.’’

‘‘मले मालूम आहे. तुमच्या तोंडावरूनच दिसून राह्यलं.’’

‘‘तुम्ही मला बोलायचं तरी.’’

‘‘मी बोलू?’’ तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. ‘‘तुमी पंचायतीत गेल्या. हापिसात गेल्या. त्या दाढीवाल्या पोराले दररोज चहा पाजला. माहं घर तं रस्त्यावरच होतं न? त्या घरात नाई शिरल्या.’’

जाळ्यातून एक मासोळी निसटून पाण्यात गेली, ती तिने जाऊ दिली.

‘‘झाडाचं नाई मले,’’ ती म्हणाली. ‘‘मले वाटलं, बाईले आता तिच्या बोलीचे सोबती भेटले. आता पहाटे कडी वाजवली तं म्हणन, कायले आली ही.’’

‘‘मी रोज वाट बघत होते.’’

‘‘मंग हाक मारता नाई येत?’’

‘‘मी झाड परत करते तुम्हाला. पंचायतीसमोर सांगते.’’

‘‘झाड का वाटी आहे, घासून परत द्याले?’’ आणि मग, ‘‘तो माणूस चार दिवस मोहाखाली बसला, मॅडमबाई. एक फूल नाई वेचलं त्यानं. अन सुमन म्हणे, त्याले जाग आली असं दाखवणार आहेत.’’

आम्ही दोघी हसलो नाही. हसायला हवं होतं, पण हसलो नाही.

त्या पावसाळ्यात मी तिच्याकडे तांदळाचं पोतं पाठवलं. ते संध्याकाळी तसंच परत आलं, वर एक दुधी भोपळा ठेवून. त्या हिवाळ्यात सुमन आणि तिचा नवरा पहिल्यांदाच तेलंगणात मिरची तोडायला गेले. मी सुमनला विचारलं होतं, त्या झाडामुळे का? ती म्हणाली, ‘‘सगळेच जातात, मॅडमबाई.’’ सगळे जातात हे खरं आहे. पण ते दोघं त्याआधी जात नव्हते, हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये मी अजून उभी आहे.

पुढचा फाल्गुन आला. मी डोंगराकडे फिरकले नाही. माझ्या सावलीचासुद्धा कोणी चुकीचा अर्थ लावू नये म्हणून घरातच राहिले. वास दाटला, पहिली फुलं गळू लागल्याचं शेजारून कळलं. एका पहाटे कडी वाजली. उठून जाईपर्यंत फाटकाशी कोणी नव्हतं. दूर वाटेवर टोपली डोक्यावर घेतलेली एक पाठ दिसली. मी खराटा घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. हातात काहीतरी असावं म्हणून.

मोठ्या झाडाखाली पोचले तेव्हा उजाडत होतं. झाड झाडलेलं होतं, पण अर्धंच. बुंध्यापासून सरळ रेघ मारावी तसं, डोंगराकडची बाजू स्वच्छ, गावाकडच्या बाजूला पाला तसाच. यशोदाबाई स्वच्छ बाजूला वाकून वेचत होती. जावाजावांनी एक झाड वाटून घेतलं की असं करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि पहिल्यांदाच मला विचारावं लागलं नाही. मी गावाकडची बाजू झाडली. कमरेत वाकले. बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग पलीकडून आवाज आला, ‘‘बोला न वो, वाघ आला तं काय तुमच्या डिगऱ्या पाहणार आहे?’’

असे आठ मोसम. सुमन मिरचीवर असायची, त्यामुळे यशोदाबाईलाही सोबत लागत होती, आणि तिने ते कधी लपवलं नाही. आठ मोसमांत तिने मला गावातल्या प्रत्येक घराचं झाड ओळखायला शिकवलं. मी तिला फोन लावायला शिकवला. ती तो कधीच शिकली नाही. शेवटच्या वर्षी तिला वाकता येईना. ती बसून सरकत सरकत वेचायची आणि मला म्हणायची, ‘‘तुमच्याकडची फुलं मोठी दिसतात, पोरी.’’ ‘मॅडमबाई’ कधी गळालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तळ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, सुमनने मला हाताला धरून नेलं. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ‘‘ओळखीच्या एक बाई गेल्या.’’ तुम्ही ‘‘सो सॉरी, आजी’’ म्हणालात आणि मग नीलच्या पोहण्याच्या स्पर्धेबद्दल बोललो. तुमचं काही चुकलं नाही. मी एवढंच सांगितलं होतं.

या फाल्गुनात मी माझी अर्धी बाजू झाडली. आता पहाटे जात नाही, उजाडून गुरं रानात आल्यावर जाते, आणि मोठ्याने बोलत वेचते. पलीकडच्या बाजूला पाला तसाच. झाडाला काय माहीत, ते दोन्हीकडे सारखंच गळतं. माझ्या बाजूला फूल मातीवर पडतं, टप्. तिच्या बाजूला पाल्यावर पडतं, आवाज वेगळा, हलका, कोणी कागद उलटल्यासारखा. डोळे मिटले तरी कळतं कुठल्या बाजूला पडलं. आठवडाभर मी ते ऐकलं. तिकडे पाऊल टाकलं नाही. गावातल्या कोणीही टाकलं नाही. न झाडलेल्या जागेत पाऊल टाकायला मनाई नसते, तरी नाही.

तुमचा चित्रपट पाहिला त्या दिवशी संध्याकाळी मी सुमनला फोन केला. मिरचीच्या शेतावर मागे बायकांचा गलका होता.

‘‘सुमन, आत्याच्या बाजूचं काय करायचं?’’ मी विचारलं. या वेळी आधी विचारलं.

‘‘आमी तं चैताशिवाय येत नाई, मॅडमबाई. तुमीच झाडा न.’’

‘‘मी झाडलं तर ती बाजू माझी होईल.’’

मग ती म्हणाली, ‘‘माह्या नावानं झाडा. घरच्या माणसानं झाडलं तं चालते.’’

काल मी तिची बाजू झाडली. बुंध्यापासून बाहेर, गोल गोल. मध्ये दोनदा बसावं लागलं. पाल्याखाली जुनी फुलं होती, काळी, मऊ, मातीच झालेली. शेवटी दोन्ही बाजू मिळून पुन्हा पूर्ण रिंगण झालं, तुमच्या चित्रपटात दिसतं तसंच. फक्त मध्ये कोणी बसलेलं नव्हतं. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. काही जागं झालं का म्हणाल, तर कंबर जागी झाली.

आज सकाळी दोन टोपल्या भरल्या. माझी घरी ठेवली. दुसरी घेऊन मी यशोदाबाईच्या घरी आले. दाराला कुलूप आहे, पण अंगण मोकळं आहे. कोपऱ्यातल्या खराट्याने ते झाडलं, साडी अंथरली, फुलं पसरली. वाळायला तीन-चार दिवस लागतील, आणि शेजारच्या शेळ्यांना कुलपाचं काही कळत नाही. म्हणून एक पाट शोधला, भिंतीच्या सावलीत बसले आहे, मांडीवर वही आहे. सकाळपासून हे तुम्हाला इथूनच लिहिते आहे.

मघाशी वाटेने दोन बायका गेल्या, तळ्यावर धुणं घेऊन. एक नव्याने लग्न होऊन आलेली असावी. तिने हळूच दुसरीला विचारलं, ‘‘ही कोण वो बुढी?’’

दुसरीने मागे वळूनही पाहिलं नाही. ‘‘याच घरची आहे,’’ ती म्हणाली, आणि दोघी पुढे गेल्या.